चाळीस गोळ्यांचा कागद

बायकोच्या वहीत एका पानावर एवढंच लिहिलंय: "कागद – हा नको. दुसरा बघणे." हा म्हणजे कुठला आणि दुसरा म्हणजे कुठला, याचा मागेपुढे कुठेही पत्ता नाही. वहीला पानांचे आकडेही नव्हते. ते मी नंतर पेन्सिलने घातले, तेव्हा हे पान सतरावं निघालं. मी एका कॉलेजच्या लायब्ररीत पुस्तकांच्या नोंदी करतो आणि फाटकी पुस्तकं दुरुस्त करतो. कुठली वस्तू कुठे आहे हे दुसऱ्याला कळेल असं लिहून ठेवणं, यावर माझं पोट चालतं. आणि माझ्याच घरात अशी नोंद. ती गेली त्याला दीड वर्ष झालं, पण सतराव्या पानाचा राग अजून गेलेला नाही.

वही तिच्या रायफलीची होती. ती मूळची नागपूरची. कॉलेजात एनसीसीत होती, तिथे तिला नेमबाजीची गोडी लागली आणि मग पंचवीस वर्षं कॉम्प्युटरसमोर बसण्यात ती गोडी तशीच राहून गेली. टेक्सासमधल्या फ्रिस्कोत घर घेतल्यावर एक दिवस तिने दीडशे वर्षांपूर्वीच्या रायफलीची हुबेहूब नक्कल असलेली एक रायफल आणली. लांब, जड, एका वेळी एकच काडतूस घेणारी. आजकालची चांगली रायफल का घेतली नाहीस, असं मी विचारलं. ती म्हणाली, त्यात काय, ते फोटो काढल्यासारखं आहे. मला फोटोही काढता येत नाहीत, त्यामुळे मी गप्प बसलो.

दोन वर्षं ती साध्या, वंगण लावलेल्या शिशाच्या गोळ्या मारत होती. मग नेमबाजीच्या रेंजवरच्या एका म्हाताऱ्याने तिच्या डोक्यात कागदाचं भरवलं. हा म्हातारा विहिरी खोदण्याच्या धंद्यातून निवृत्त झालेला टेक्सन. त्याने सांगितलं की पूर्वीचे लांब पल्ल्याचे नेमबाज गोळी कागदात गुंडाळून मारायचे. गोळी नळीपेक्षा जराशी बारीक ओतायची आणि उरलेली जागा कागदाच्या दोन वेढ्यांनी भरून काढायची. कागद ओला करून गुंडाळायचा. वाळला की तो आवळून बसतो. नळीच्या आतल्या पीळदार खाचा त्या कागदाला पकडतात, त्याच्याबरोबर गोळी फिरते आणि शिसं नळीला लागतच नाही. नळीच्या तोंडातून बाहेर पडताक्षणी कागदाच्या चिंध्या होऊन तो गळून पडतो आणि गोळी एकटी पुढे जाते. ऐकायला फार सोपं आहे.

त्या कागदासाठी आमचं एकदा वाजलं. मी या देशात तिच्या व्हिसावर आलो. पहिली दोन वर्षं मला काम करायची परवानगी नव्हती. निघताना पुण्याला अप्पा बळवंत चौकातून एअरमेलचा एक जाड पॅड घेतला होता. कागद कांद्याच्या सालीसारखा पातळ, बोटात धरला की कुरकुर वाजणारा. त्यावर मी वडिलांना पत्रं लिहायचो. नंतर मला काम मिळालं, फोन स्वस्त झाले, पुढे वडीलही गेले. पॅड अर्धा उरला तो माझ्या खणात राहिला. तिने त्यातली दोन पानं मागितली.

"असा कागद आता कुठे मिळत नाही," मी म्हणालो.

"मिळत नाही म्हणूनच मागतेय ना."

"मग मी पत्रं कशावर लिहू?"

"पंधरा वर्षांत किती लिहिलीस ते सांग, तेवढी सोडून घेते."

मी दिला नाही. तिने पुन्हा मागितलाही नाही. ट्रेसिंगचा कागद आणला, सिगारेटीचे कागद आणले, आणखी काय काय आणलं. तिला एकच गोष्ट हवी होती: दोनशे यार्डांवर कागदाच्या पाच गोळ्या एका बशीत मावतील अशा बसायला हव्यात. बशी म्हणजे आमच्या घरातली चहाची बशी. ती तिने मापासाठी रेंजवर नेली होती आणि अजून ती तिच्या पेटीतच आहे. पाच गोळ्या काही बशीत आल्या नाहीत. मग दुखणं निघालं आणि चार महिन्यांत सगळं संपलं.

ती गेल्यावर गॅरेजमध्ये मला एक प्लास्टिकचा डबा सापडला. त्यात तिने ओतून ठेवलेल्या चाळीस गोळ्या होत्या. गुळगुळीत, करड्या, करंगळीच्या दोन पेरांएवढ्या. सोबत कागद कापायचा एक तिरकस फर्मा होता, श्रीखंडाच्या डब्याच्या झाकणातून कापलेला. कागदाची टोकं एकमेकांवर चढू नयेत, नुसती भिडावीत, म्हणून तो तिरका. माझी मुलगी क्युपर्टिनोत असते. तिला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "बाबा, जस्ट डोनेट इट. प्लीज." शेजारी आपल्या मुलाकडे राहायला आलेल्या काकू मला रोज पोळ्या आणून द्यायच्या. त्यांचं म्हणणं होतं की बाईमाणसाची असली तरी बंदूक ती बंदूक, वर्षश्राद्धाच्या आत ती घराबाहेर काढा. मी दोघींना हो म्हटलं. फक्त मनाशी ठरवलं की त्याआधी या चाळीस गोळ्या मारून व्हायला हव्यात आणि त्यातल्या पाच बशीत बसायला हव्यात. तिच्या हातच्या एवढ्याच होत्या. एकदा मारल्या की संपल्या.

मी म्हाताऱ्याला फोन केला. बंदुकीची दारू भरून काडतूस तयार करण्यातलं मला काही कळत नव्हतं आणि कळून घ्यायचंही नव्हतं. ते आणि नेम धरणं त्याच्याकडे. कागद माझ्याकडे. तो म्हणाला, "ठीक आहे, प्रोफेसर." मी प्रोफेसर नाही हे मी त्याला तेव्हा सांगितलं आणि नंतरही पुष्कळदा सांगितलं.

मला वाटलं होतं, कागदाचं काम म्हणजे आपलंच काम. तीस वर्षं मी कागद हाताळतोय. सुरुवात म्हणून इंटरनेटवरच्या हौशी लोकांच्या चर्चा वाचल्या. एकाने लिहिलं होतं, कागद उजवीकडून गुंडाळा. दुसऱ्याने लिहिलं होतं, उजवीकडून गुंडाळणाऱ्यांना काही समजत नाही. तिसरा कागदाची जाडी सांगण्याऐवजी आपल्या आजोबांची गोष्ट सांगत होता. चौथ्याने सगळ्यांना जुनी चर्चा वाचायला सांगितलं होतं, आणि ती जुनी चर्चा कुणीतरी पुसून टाकली होती. दोन आठवडे वाचून मी अडाणीच राहिलो, फक्त आता माझ्याकडे मतं होती.

छपाईचा कागद जाड निघाला, गोळी नळीत जाईना. केक भाजायचा बटर पेपर पाणीच धरत नाही, तो ओला होत नाही म्हणजे आवळतही नाही. सिगारेटीचा कागद ओला केला की बोटालाच चिकटून फाटायचा. शेवटी तिचाच ट्रेसिंगचा कागद घेतला. तो गुंडाळायला जरा जमला, पण वाळल्यावर कड उचलायची. दाबली की पुन्हा उचलायची. पुस्तकाच्या पुठ्ठ्याची कड अशी उचलली तर आपण काय करतो? लायब्ररीत माझ्या टेबलावर गव्हाच्या पिठाची खळ कायम असते. लहानपणी पतंगाला तीच, वह्यांच्या कव्हरांना तीच. मी बारीक ब्रशने कडेला खळ लावली, वाळवली आणि दहा गोळ्या अशा देखण्या तयार केल्या की त्यांना काचेच्या कपाटात ठेवावं.

म्हाताऱ्याने त्या दहाही मारल्या. त्याने रायफल टेकूवर ठेवली होती आणि तो पन्नास वर्षं नेमबाजी करतोय, त्यामुळे नेम चुकण्याचा प्रश्न नव्हता. चार गोळ्या निशाणाच्या कागदावर लागल्या. त्यातल्या दोन आडव्या लागल्या होत्या, भोक गोल असायचं ते कुलपाच्या भोकासारखं लांबट. बाकी सहा कुठे गेल्या ते देवाला माहीत. गोळीबार थांबवून लाल झेंडा लावल्यावर म्हातारा नळीच्या समोर दहा-पंधरा पावलं चालत गेला आणि गवतात वाकून शोधायला लागला. तिथे कागदाच्या चिंध्या पडायला हव्या होत्या. काही नव्हतं. मग मी मापासाठी तशीच गुंडाळून आणलेली अकरावी गोळी त्याने उचलली आणि नखाने कड उचलून बघितली. कड उचलेना.

"हे काय लावलंय?"

"खळ. गव्हाच्या पिठाची."

त्याने गोळी माझ्या हातावर ठेवली. "प्रोफेसर, तुम्ही पुस्तक बांधलंय. हा कागद सुटायला हवा. ह्या सगळ्या खटाटोपात एवढीच एक गोष्ट करायची असते. सुटायचं."

तिच्या चाळीसातल्या दहा गोळ्या मी माझ्या व्यवसायातल्या कौशल्याने घालवल्या. परतीच्या तासाभराच्या रस्त्यात मी एकदाही रेडिओ लावला नाही. राग कुणावर काढावा ते ठरत नव्हतं. शेवटी तो सतराव्या पानावर काढला. तिने तिथे एक ओळ जास्त लिहिली असती, 'चिकटवू नये' एवढीच, तरी पुरलं असतं. पण तिला ती लिहावीशी का वाटेल? कुठला शहाणा माणूस गोळीला खळ लावेल?

दुसऱ्या खेपेला खळ नव्हती. ट्रेसिंगचाच कागद, पुन्हा दहा गोळ्या. या वेळी गवतात चिंध्या मिळाल्या. म्हाताऱ्याने त्या हातावर घेऊन उलटसुलट केल्या, मी पुस्तकाचा जुना शिक्का वाचतो तशा. काही नीट सुटल्या होत्या, काही अर्ध्या फाटून गेल्या होत्या. वेढे एकसारखे घट्ट नाहीत, असं त्याचं निदान. भोकांचा पसारा जेवणाच्या ताटाएवढा होता. ताट आणि बशी यांत किती अंतर आहे, हे मला वीस गोळ्या घालवून कळलं.

उरल्या वीस. वर्षश्राद्धाला तीन आठवडे राहिले होते.

मी खण उघडून पॅड काढला. हे मी पहिल्या दिवशी करायला हवं होतं, हे मला पहिल्या दिवशीही माहीत होतं. ती असताना जे दिलं नाही, ते ती नसताना वापरायचं, याची लाज वाटत होती म्हणून मी दोन महिने बाजारातले सगळे कागद भिजवत बसलो होतो. कागदाला लाकडासारखा उभा-आडवा धागा असतो. मी तो बघून, फर्मा ठेवून दोन पानांतून वीस तुकडे कापले. पण गुंडाळणं जमेना. कागद चांगला होता, फार चांगला, पण माझी बोटं एकदा घट्ट, एकदा सैल. एक गुंडाळायची, बघायची, सोलायची, पुन्हा भिजवायची. जेवणाच्या टेबलावर पाण्याची वाटी, ओला फडका आणि शिव्या.

त्यात काकू पोळ्या घेऊन आल्या. टेबलाकडे बघून म्हणाल्या, "हे काय मांडलंय?"

मी सांगितलं. बंदुकीच्या गोळ्या आहेत म्हटल्यावर त्या मागे सरतील असं वाटलं होतं. त्यांनी डबा ठेवला, चष्मा लावला आणि माझ्या हातातली गोळी निरखली.

"असं चिमटीत धरून कसं होईल? वात वळता येते का तुम्हाला?"

"नाही."

"दिसतंयच."

त्यांनी हात धुतले, खुर्ची ओढली, ओला तुकडा फडक्यावर ठेवला, त्याच्या कडेवर गोळी ठेवली आणि तळहाताने एकदाच पुढे लोटली. कागद गोळीभोवती गेला आणि टोकं एकमेकांना भिडून थांबली. खाली उरलेल्या कागदाला त्यांनी दोन बोटांत पीळ दिला, फुलवातीच्या शेंड्याला देतात तसाच, आणि गोळी उभी ठेवली. मग दुसरी. मी तुकडे भिजवून पुढे करायचो आणि त्या वळायच्या. वळता वळता त्यांनी मला सांगितलं की नोकरी करणाऱ्या बायकांना वाती वळायला वेळ नसतो, पण माझ्या बायकोने एकदा त्यांच्याकडे बसून शंभर वळल्या होत्या, आणि त्यातल्या चाळीस बऱ्या होत्या. मला हे माहीत नव्हतं. मग म्हणाल्या, चहा तरी करा, की तोही मीच करू. मी चहा करून येईपर्यंत वीस गोळ्या ओळीत उभ्या होत्या. शेवटच्या दोन गोळ्यांभोवतीच्या तुकड्यांवर त्यांनी बोट ठेवलं.

"हे वाकडे कापलेत. बाकी तुमचा कागद चांगला आहे. आणि ती बंदूक तेवढी घरातून काढा."

तिसऱ्या खेपेला म्हाताऱ्याने गोळ्या उजेडात धरून बघितल्या आणि या कुणी गुंडाळल्या ते विचारलं. शेजारच्या काकूंनी, असं म्हटलं तर त्याला कळलं नाही. देवाच्या दिव्यांसाठी कापसाच्या वाती वळणाऱ्या एक म्हाताऱ्या बाई आहेत, असं सांगितलं. तो म्हणाला, त्यांना क्लबचं सभासद करून घ्या.

पंधरा गोळ्या दारूचं प्रमाण जुळवण्यात आणि प्रत्येक गोळीनंतर नळी पुसायची सवय बसवण्यात गेल्या. भोकं ताटावरून छोट्या ताटलीवर आली. प्रत्येक गोळीला नळीसमोर पांढरी फुलं उधळल्यासारख्या चिंध्या उडायच्या. पंधराव्या गोळीला म्हाताऱ्याने मान हलवली आणि निशाणाचा नवा कागद लावला. पाच उरल्या होत्या. मी पेटीतून बशी काढून टेबलावर ठेवली. का ठेवली ते सांगता येणार नाही. दोनशे यार्डांवरून ती लागणार नव्हती.

पहिली. नळी पुसली. दुसरी. तिसरी. चौथी. तो दुर्बिणीतून बघायचा आणि पुढची भरायचा. मग मला बघायला लावलं. चार भोकं, आणि त्या चारांवर बशी ठेवली असती तर चारही झाकली जाऊन कडेला जागा उरली असती.

म्हातारा उठून बाजूला झाला. "ही मी मारणार नाही."

मी विचारलं, का.

"चार माझ्या झाल्या. ही तिच्या घरातल्या माणसाने मारायची."

मी आयुष्यात रायफल चालवली नव्हती आणि हे त्याला माहीत होतं. चाळीस गोळ्या, दोन महिने, माझा पॅड, काकूंचे हात, सगळं जुळून आल्यावर या माणसाला शिष्टाचार आठवला. मी नाही म्हटलं, दोनदा. तो हाताची घडी घालून उभा राहिला. रेंज बंद व्हायला अर्धा तास होता. शेवटी मी बसलो, कारण वाद घालून त्या म्हाताऱ्याला कुणी हलवू शकत नाही हे मला दिसत होतं. दस्ता खांद्याला कसा घट्ट लावायचा, श्वास कुठे धरायचा, हे त्याने सांगितलं. मी सगळं तसंच केलं. फक्त चाप ओढताना डोळे मिटले.

धूर गेल्यावर तो बराच वेळ दुर्बिणीला डोळा लावून होता.

"चार बशीत," तो म्हणाला. "एक चौकटीच्या लाकडात."

तिच्या हातची शेवटची गोळी मी डोळे मिटून लाकडात मारली होती. रायफल नीट खाली ठेवली, बशी फडक्यात गुंडाळली. म्हातारा त्याच्या ट्रककडे गेला. मला वाटलं निघाला. तो एक फावडं, एक चाळण आणि रंगाची रिकामी बादली घेऊन परत आला आणि ती बादली त्याने माझ्या पायाशी ठेवली.

"झेंडा लावलाय. अंधार पडायच्या आत बांध चाळून घ्या."

निशाणांच्या मागे मातीचा उंच बांध आहे, त्यात सगळ्यांच्या गोळ्या जाऊन रुततात. मला समजेना.

"शिसं कुठे जात नाही, प्रोफेसर. तुमच्या मिसेस दर दोन महिन्यांनी इथनंच चाळून न्यायच्या. त्या चाळीस कशातून ओतल्या होत्या, असं तुम्हाला वाटतं?"

"हे तुम्ही मला पहिल्या दिवशी का नाही सांगितलं?"

"विचारलं नाहीत. तुम्ही मोजत होतात."

मी त्याच्यावर इतका चिडलो की फावडं त्याच्या हातातून जवळजवळ ओढूनच घेतलं. अर्धा तास मी तो बांध उपसला. चाळणीत खडे आणि शिशाचे चपटे, फुललेले तुकडे उरायचे. कुठला तुकडा तिचा, कुठला म्हाताऱ्याचा, कुठला कुणा तिसऱ्याचा, हे सांगायची काहीही सोय नव्हती. माझ्यासारख्या माणसाला असा ढीग सहन होत नाही. अर्धी बादली भरली. ती दोन्ही हातांनी उचलून गाडीपर्यंत न्यावी लागली.

वर्षश्राद्धाच्या दिवशी रायफल घरातच होती. काकूंनी कपाटाकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"गोळ्या ओतायचा तिचा साचा आहे अजून," मी म्हणालो. "एक घाणा काढून बघतो."

सगळे गेल्यावर मी वही काढली. सतराव्या पानाच्या समोर कोरं पान होतं, त्यावर अठरा आकडा घातला आणि लिहिलं: "कागद – एअरमेलचा पॅड, माझ्या खणात, डावीकडचा वरचा. धागा उभा. वेढे दोन. खळ लावू नये. वळणार – शेजारच्या काकू. बशीत चार." खालच्या ओळीत लिहिलं, "पॅडची पानं शिल्लक – छत्तीस."

दुसऱ्या दिवशी काकू पोळ्या घेऊन आल्या, तेव्हा डबा ठेवता ठेवता म्हणाल्या, "आणि या खेपेला तुकडे सरळ कापा."